मास्क पहाटेपर्यंत राहू द्या

घोरणारा माणूस गाढ झोपलाय, हा समज आपल्याकडे पक्का आहे. स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णाबाबत तो साफ चुकीचा ठरतो. झोपेत त्याच्या जिभेमागचा घसा मिटतो. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो. स्लीप स्टडीत असे अडथळे तासाला ३० किंवा त्याहून अधिक आढळले, तर आजार तीव्र मानतात आणि डॉक्टर सीपॅप मशीन सुचवतात. मशीन घरी येतं आणि पहिल्या काही रात्रींतच अनेकांचा धीर सुटतो. ‘मला नाही जमणार’ म्हणत ते कपाटात जातं. खरं तर या रात्रींतल्या बहुतेक त्रासांमागे साधं शास्त्रीय कारण असतं आणि त्यावर उपायही असतो.

१९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपचार एकच होता : गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवणं. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी नाकातून सतत दाबाची हवा सोडून पाहिली. पाच रुग्णांवरचे निष्कर्ष १९८१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. हाच सीपॅप. हे मशीन ऑक्सिजन पुरवत नाही. खोलीतलीच हवा गाळून ते मास्कमधून थोड्या दाबाने आत सोडतं. हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का. घशाच्या मऊ भिंतींना आतून आधार द्यायला तेवढा पुरतो.

जागेपणी मात्र हाच दाब अंगावर येतो, कारण श्वास सोडताना त्याच्याविरुद्ध सोडावा लागतो. म्हणून बहुतेक मशीनमध्ये ‘रॅम्प’ची सोय असते. सुरुवातीला दाब कमी राहतो आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वाढतो. गुदमरल्यासारखं वाटणाऱ्यांनी मास्कची ओळख दिवसा करून घ्यावी. आधी मशीनशिवाय नुसता मास्क लावून टीव्ही पाहावा, मग मशीन सुरू करून बसावं, आणि मगच आडवं व्हावं. मध्येच वीज गेली तर काय, ही भीतीही अनेकांना असते. मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये दाब थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडपही असते. त्यामुळे जीव गुदमरत नाही. मात्र उपचार थांबतो. जिथे वीज वारंवार जाते, तिथे इन्व्हर्टरची सोय आधीच करावी.

हवा गळू लागली की माणूस पट्टे आवळतो. इथेच गाडी अडते. मास्कची सिलिकॉनची कड हवेने किंचित फुगून चेहऱ्याला बसायची असते. फार आवळली तर ती दबते आणि गळती वाढते. पट्टे झोपलेल्या स्थितीत, मशीन चालू ठेवून बसवावेत. रात्री चेहऱ्याला तेल किंवा क्रीम असेल तर कड सरकते, म्हणून आधी चेहरा धुवावा. दाट मिशीमुळेही फट राहू शकते. अशांनी दुसऱ्या प्रकारचा मास्क मागावा.

नाक कोरडं पडून चोंदण्याचं कारण बऱ्याचदा उघड्या तोंडात असतं. नाकाने आत आलेली हवा तोंडावाटे निसटली, की नाकातून एकाच दिशेने जोराचा प्रवाह वाहतो आणि आतली त्वचा वाळून सुजते. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. हे चक्र तोडायला मशीनचा गरम पाण्याचा ह्युमिडिफायर उपयोगी पडतो. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं. उलट, एसीच्या गार खोलीत हीच दमट हवा नळीत थंड होऊन तिचं पाणी होतं. तेव्हा मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवावं आणि ओलावा थोडा कमी करावा. पोटात हवा जाऊन फुगत असेल, तर डॉक्टरांना सांगावं. दाब स्वतः बदलू नये.

एवढं सगळं सांभाळून पहाटे तीनला मास्क काढला, तर काय बिघडतं? बरंच. स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम झोप, रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते. त्या अवस्थेत घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात, श्वास अधिक वेळ थांबतो आणि ऑक्सिजन अधिक खाली जातो. म्हणजे जिथे गरज सर्वाधिक, तेच तास उघडे राहतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीत, ज्यात भारतातले रुग्णही होते, हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७०० हून अधिक जणांचा अभ्यास झाला. सीपॅपमुळे घोरणं आणि दिवसाची झोप कमी झाली, मनःस्थिती सुधारली. पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. सीपॅप दिलेल्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं, आणि हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

म्हणून पहिल्या आठवड्यातच मशीनची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. वापराचे तास, गळती आणि मास्क असताना उरलेले अडथळे, या तीन आकड्यांतून त्रास नेमका कुठे आहे ते कळतं. कुणाला मास्क बदलून हवा असतो, कुणाला दाब, कुणाला फक्त थोडी सवय. घरच्यांनीही ‘लावलास का?’ एवढं विचारून थांबू नये. पट्टे बसवायला हात लावावा. हा मास्क रोज रात्री लावायचा आहे, आणि त्याची सवय लावून घेणं हा या उपचाराचाच भाग आहे.