नाचता येईना, नळी आखूड

मागच्या सत्रात आंतर-हाउस फायरिंगसाठी टीम निवडायची होती. जागा चार आणि आम्ही सहा जण. .२२ रायफल, २५ यार्ड, प्रत्येकी पाच गोळ्या. माझं टार्गेट परत आलं तेव्हा पाच भोकं तळहातभर पसरलेली होती. पट्टी लावली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत १० सेंटिमीटर! मी उस्तादांना सांगितलं, माझ्या रायफलची नळी शेजारच्या रायफलपेक्षा आखूड आहे, चार बोटं तरी कमी. उस्ताद काही बोलले नाहीत. माझ्याच जागेवर आडवे झाले आणि त्याच रायफलने पाच गोळ्या झाडल्या. त्यांचा ग्रुप एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला.

टीममध्ये माझं नाव राखीव म्हणून लागलं. सगळे हसले, मीही हसलो. पण नळीच्या लांबीने फरक पडतच नसेल, तर जगात इतक्या वेगवेगळ्या लांबीच्या रायफली बनवतात तरी कशाला? फिजिक्सच्या सरांना विचारून आणि लायब्ररीत वाचून जे कळलं ते इथे लिहितो आहे. रेंजवर माझ्यासारखी सबब सांगणारे आणखीही असतील.

पहिली गोष्ट वेगाची. दारू पेटली की तिचा वायू गोळीला मागून ढकलतो. गोळी नळीत असेपर्यंतच हा धक्का मिळतो, त्यामुळे नळी लांब असेल तर वेग वाढायला जागा जास्त. इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण .२२ च्या काडतुसात दारू असते जेमतेम दशांश ग्रॅमच्या आसपास. साधारण १६ ते १९ इंचांपर्यंत तिचा जोर संपतो. त्यापुढे नळी कितीही लांब केली तरी वेग जवळपास वाढत नाही, उलट घर्षणामुळे किंचित कमीही होऊ शकतो. सैन्याच्या रायफलीत दारू कितीतरी जास्त असते, म्हणून तिथे लांबीचा उपयोग पुढेपर्यंत होतो. म्हणजे लांबी किती हवी हे आधी काडतूस ठरवतं.

मग ५० मीटरच्या स्पर्धेतल्या .२२ रायफलींना २६-२७ इंचांची नळी का असते? हा प्रश्न मला जास्त छळत होता, कारण मी कोल्हापूरकडचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं, तेव्हा आमच्याकडे काय जल्लोष झाला असेल ते सांगायला नको. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंतही कोल्हापूरच्याच. या प्रकारातल्या लांब नळीचा वेगाशी फारसा संबंध नाही. तिचा संबंध डोळ्याशी आहे.

मागची साइट आणि पुढची साइट यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकी शिस्त घेताना झालेली चूक टार्गेटवर कमी दिसते. हे आपल्याला येणारं साधं समरूप त्रिकोणांचं गणित आहे. समजा दोन्ही साइटमध्ये ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढची साइट केसाइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटर सरकली. ५० मीटरवर गोळी ८.३ मिलिमीटर बाजूला जाईल. अंतर ७५ सेंटिमीटर केलं तर तीच चूक ६.७ मिलिमीटर होते. आता बघा, ५० मीटरच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. ८.३ वर नऊ, ६.७ वर दहा! हे उत्तर आलं तेव्हा मी वही घेऊन शेजारच्या बेडवरच्या मित्राला उठवलं. लाइट्स आउट होऊन गेलं होतं, तो काय म्हणाला ते छापण्यासारखं नाही.

साइट लांब नेण्यासाठी नळीच लांब हवी असंही नाही. काही नेमबाज मूळ नळी आखूड ठेवून तिच्या तोंडाला पोकळ नळकांडं जोडतात आणि पुढची साइट त्यावर बसवतात. १० मीटर एअर रायफलमध्ये तर हे नेहमीचंच. बाहेरून लांब दिसणाऱ्या त्या रायफलीची खरी नळी ४२-४३ सेंटिमीटरच्या आसपास असते. छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर एवढ्याच वेगाने जातो, म्हणून नळी आणखी २० सेंटिमीटर लांब केली तर त्याला बाहेर पडायला हजारांश सेकंदाहून जास्त वेळ लागेल. तेवढ्या वेळात हात हलतो. ट्रिगर दाबला की छर्रा लवकर सुटलेला बरा.

आखूड नळीचा दुसरा फायदा प्लास्टिकच्या पट्टीवर करून बघा. पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा, आधी १० सेंटिमीटर बाहेर काढून टोकावर खोडरबर ठेवा, मग २० सेंटिमीटर काढून ठेवा. बाहेरची लांबी दुप्पट, पण झुकणं आठपट. जाडी तीच ठेवून नळी लांब केली तर तीही अशीच जास्त झुकते आणि थरथरते. म्हणून स्पर्धेच्या लांब नळ्या जाडजूड करतात, आणि मग वजन वाढतं. आडवं पडून मारणाऱ्याला त्याचा त्रास नाही. पण बायथलॉनच्या खेळाडूचा विचार करा. तोही .२२ नेच ५० मीटरवर मारतो, पण रायफल पाठीवर बांधून बर्फावरून स्कीइंग करत येतो. त्याची नळी साधारण ५५ सेंटिमीटरची. गोळी तीच, अंतर तेच, फक्त माणूस धापा टाकत आलेला!

सैन्यात तर नेमबाजीआधी वाहून नेण्याचा प्रश्न येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटिश पायदळाकडे ३०.२ इंच नळीची लांब ली-एनफील्ड होती आणि घोडेस्वारांकडे २१ इंचांच्या आसपासची कार्बाइन. बोअर युद्धाच्या अनुभवानंतर दोघांसाठी मिळून २५.२ इंचांची एकच रायफल ठरली. हीच .३०३ पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत भारतीय जवानांच्या हातात होती आणि आपल्याच इशापूरलाही बनली. दुसऱ्या महायुद्धात जंगलासाठी ती आणखी कापून १९ इंचांच्या आत आणली. वेलींत अडकेना, पण दारूचा जोर बराचसा नळीबाहेर मोकळा व्हायला लागला. झगझगाट झाकायला तोंडावर शंकूसारखं टोपण आणि खांदा वाचवायला बटाला रबर लावावं लागलं. आपल्या इन्सासमध्येही हाच हिशेब दिसतो. रायफलची नळी ४६४ मिलिमीटर आणि त्याच काडतुसाच्या एलएमजीची ५३५. जो गाडीतून उडी मारून धावणार त्याची आखूड, जो जागा धरून लांबवर मारणार त्याची लांब.

आता माझ्या सबबीचा हिशेब. चार बोटं म्हणजे ७ सेंटिमीटर धरू. माझ्या रायफलवर दोन साइटमधलं अंतर ६० सेंटिमीटर, शेजारच्या रायफलवर ६७. माझा ग्रुप १० सेंटिमीटर होता. तेवढीच चूक मी लांब रायफलवर केली असती तर तो झाला असता जवळजवळ ९ सेंटिमीटर. नळीच्या नावावर एक सेंटिमीटर, बाकीचे सगळे माझे.

हे गणित मी उस्तादांना दाखवलं. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली, मान हलवली आणि मला रिकामी रायफल घेऊन आडवं व्हायला सांगितलं. मझलवर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हणाले, ट्रिगर दाब. नाणं पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मी ट्रिगर दाबत नव्हतो, ओढत होतो.

सध्या रोज संध्याकाळी गेम्सनंतर २० वेळा हा सराव चालू आहे. काल १३ वेळा नाणं जागेवर राहिलं. रायफल तीच आहे, आखूड नळीची.