शहरात नवा स्ट्रेन शिरतो तेव्हा : साओ पावलोमधील मेनिंजायटिसची साथ

मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांना सूज येणे म्हणजे मेनिंजायटिस. तो अनेक जंतूंमुळे होतो. पण शहरभर मोठी साथ पसरवतो तो प्रामुख्याने मेनिंगोकोकस हा जिवाणू. एकाच शहरात त्याचे दोन प्रकार पाठोपाठ कसे आले, हे या टिपणात आपण ब्राझीलमधील साओ पावलोच्या उदाहरणावरून पाहू.

१. सीरोगट म्हणजे काय?
या जिवाणूभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे वेष्टन असते. वेष्टनाच्या रचनेवरून त्याचे १२ सीरोगट पाडले आहेत. बहुतेक आजार ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय या सहा गटांमुळे होतात. लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे ठरावीक वेष्टनच ओळखतात. म्हणून सी गटाची लस ए गटापासून संरक्षण देत नाही. एका गटातही जनुकीय फरकांवरून वेगवेगळे स्ट्रेन ओळखता येतात.

२. नवा स्ट्रेन येतो कुठून?
साधारण दहा टक्के लोकांच्या घशात हा जिवाणू कोणताही त्रास न देता राहतो. हे वाहक निरोगी दिसतात, प्रवास करतात आणि नकळत नवा स्ट्रेन शहरात आणतात. शिवाय मेनिंगोकोकस आसपासच्या जिवाणूंचा डीएनए सहज आत घेतो. क्वचित वेष्टनाची जनुकेही बदलतात. दाट वस्ती आणि कोंदट खोल्या मिळाल्या की प्रसार वेगाने होतो.

३. साओ पावलोत काय घडले?
१९७१ मध्ये सी गटाची साथ सुरू झाली. शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांना तिची झळ आधी बसली. ती ओसरण्यापूर्वीच १९७४ मध्ये ए गट पसरला. त्या वर्षी शहरात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे १७९ रुग्ण आढळले. तेव्हाच्या लष्करी राजवटीने साथीच्या बातम्यांवर निर्बंध घातले होते. त्यामुळे ज्या काळात लोकांनी लक्षणे ओळखून लवकर दवाखाना गाठायला हवा होता, नेमक्या त्याच काळात माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. अखेर १९७५ मध्ये ए आणि सी या दोन्ही गटांविरुद्धची लस मोठ्या मोहिमेत देण्यात आली आणि साथ आटोक्यात आली.

४. लसीची मर्यादा
ती लस केवळ शर्करेची होती. अशा लसीचा दोन वर्षांखालील बालकांवर परिणाम कमी होतो आणि संरक्षण काही वर्षेच टिकते. पुढे शर्करा प्रथिनाला जोडून कॉन्जुगेट लसी तयार झाल्या. ब्राझीलने २०१० मध्ये सी गटाची अशी लस बालकांच्या नियमित लसीकरणात आणली.

५. आपल्यासाठी महत्त्वाचे
दिल्लीतही १९८५ आणि २००५ मध्ये ए गटाच्या साथी आल्या. वसतिगृहात नव्याने राहायला आलेल्या विद्यार्थ्यांना या आजाराचा धोका तुलनेने अधिक असतो. अचानक तीव्र ताप, ताठ मान, उलट्या, गुंगी किंवा दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उपचार न झाल्यास सुमारे निम्मे रुग्ण दगावतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास बहुतेक जण वाचतात, तरी काहींना बहिरेपणा येतो.

स्वाध्याय
१. साओ पावलोत १९७४ मध्ये केवळ सी गटाची लस दिली असती, तर काय झाले असते? कारणासह लिहा.
२. केवळ आजारी व्यक्तींना वेगळे ठेवून ही साथ का थांबत नाही?