शेकडा पावणेतीन

कर्नाटकच्या बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातलं एक गाव. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बचत गटाची बैठक, मधोमध पत्र्याची पेटी, वह्या, आणि कडेला मोबाइल घेऊन बसलेला मी. एका मावशींनी सरळच विचारलं, "गटाचं व्याज चोवीस टक्के, कंपनीचं पंधरा. मग गटातून कशाला घ्यावं, लेकरा?"

गट सभासदाला शेकडा दोनने देतो. महिन्याला शंभरामागे दोन, म्हणजे वर्षाला चोवीस. मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस मोटारसायकलवर येतो आणि "शंभराला पंधरा" सांगून जातो. मावशींना बोअरच्या मोटरसाठी तीस हजार हवे होते. पंधरा आणि चोवीस यांत कमी काय, हे कुणालाही कळतं.

मी पोटापाण्यासाठी वेबपेजं बनवतो. गाव हेच असल्यामुळे सुट्टीत आलो की असले हिशेब अंगावर येतात. त्या दिवशी कंपनीनं मावशींना देऊ केलेल्या कर्जाचं कार्ड हातात घेतलं. कर्ज ३०,००० रुपये, आठवड्याचा हप्ता ६९०, हप्ते ५०. फॉर्म आणि विम्याचे ६०० आधीच कापणार, म्हणजे हातात २९,४००. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२पासूनच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज देणाऱ्याला सगळे खर्च धरून वार्षिक दर पत्रकात द्यावा लागतो. तो दिलेलाही होता. पण कन्नडमध्ये, तळाशी, बारीक अक्षरात. मावशी मराठी बोलतात, कन्नड समजतं, वाचायचं म्हटलं की चष्मा घरी राहिलेला असतो.

पहिल्या रात्री खरा दर दाखवायला मी जे पेज बनवलं ते शहरी होतं. चौकटीत रक्कम टाका, दर टाका, मुदत टाका. इथंच गाडी अडली. दर तर शोधायचा आहे, तो टाकायचा कुठून? त्यात मुदतीच्या चौकटीवर मी "किती साल?" असं लिहिलं होतं. घरात कन्नड बोलणाऱ्या एका अक्कांनी तिथं तीस हजार भरले. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. सीमेवरच्या माणसानं हे विसरावं याची मला आजही लाज वाटते.

मग प्रश्नच बदलले. हातात किती पडले? हप्ता किती? किती हप्ते? आठवड्याला की महिन्याला? एवढे चारच. हे कुठल्याही बाईला तोंडपाठ असतं, कारण तेच तिला भरायचं असतं. दर पेजनं काढायचा. त्याला सरळ सूत्र नाही. तराजूत वजन घालून, काढून काटा मधोमध आणावा तसा दर अंदाजानं धरायचा, हप्ते जुळतात का बघायचं, जास्त झाला की कमी करायचा. मोबाइल हे पापणी लवायच्या आत करतो.

मावशींच्या कार्डाचं उत्तर आलं : वर्षाला साधारण ३३.६ टक्के.

ओट्यावर कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेहतीस पूर्णांक सहा दशांश हे इथं कुणाच्या जिभेवरचं माप नाही. बाराने भागलं तर २.८. तेही कोरडंच. मग मी पेजला पावकी शिकवली. उत्तर जवळच्या पावावर आणायचं आणि शब्दात म्हणायचं : सव्वादोन, अडीच, पावणेतीन. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी घोकून घेत, त्या पिढीच्या डोक्यात पाव आणि पाऊण अजून जागच्या जागी आहेत. "शेकडा पावणेतीन" हे शब्द कानावर पडताच पेटीजवळच्या बाईनं हिशेबाची वही मिटली.

"पंधरा म्हणत होता न्हवं?"

पंधराच, पण तीस हजार वर्षभर हातात राहतात कुठं? पुढच्याच आठवड्यापासून परत जायला लागतात. सरासरी निम्मेच वापरायला मिळतात आणि व्याज मात्र पूर्ण तीस हजारांवर. तुलनेला गटाचा हिशेब लावला. तीस हजार, बारा महिने, दर महिन्याला अडीच हजार मुद्दल आणि उरलेल्यावर शेकडा दोन. व्याज ३,९०० रुपये. कंपनीकडे हप्त्यांतले ४,५०० आणि कापलेले ६०० मिळून ५,१००. शिवाय गटाचं व्याज पेटीतच येतं. बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं बचत गट बांधायचं काम हाती घेतलं, त्याचा अभ्यासही झाला. त्याच जिल्ह्यात पेटीपुढं बसून बायका पंधरा-चोवीसच्या फेऱ्यात अडकतात, याचं मला फार नवल वाटत नाही. गट आणि कंपनी दोन मापांनी बोलतात, एवढंच.

पेज बोलकं करायचं ठरलं आणि मराठी अंकांनी घाम काढला. इंग्रजीत वीस-तीस तुकडे रेकॉर्ड केले की आकडे जोडता येतात. मराठीत एकोणसत्तर हा नऊ आणि साठ जोडून होत नाही. शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा बोलावा लागतो. शेजारच्या अक्कांनी पिठाच्या हातानं बसून सगळे बोलून दिले. मागं कोंबडा आरवलाय, तो तसाच ठेवला.

एक चूक मात्र माझी. पेज जुने हिशेब साठवून ठेवत होतं, सोय म्हणून. इथं मोबाइल घरात एकच, तो मुलाच्या खिशात. एका बाईनं घरात न सांगता घेतलेलं कर्ज त्यातून मुलाला दिसलं. तिनं मला काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या बैठकीला आली नाही. आता पेज बंद केलं की सगळं पुसलं जातं. नावही विचारत नाही.

दर आठवड्याच्या ६९०चा चार आठवड्यांचा हिशेब २,७६० होतो. ऑगस्ट २०२३पासून आलेले राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार त्यात टाकले तरी ७६० भरायचे उरतात, आणि सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच येतो. अशा कंपन्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला होता की फेब्रुवारी २०२५मध्ये कर्नाटकनं तो रोखायला अध्यादेश काढला.

मावशींनी पेटीत पाहिलं. अठरा हजार होते. नवी मोटर त्यात बसत नव्हती. त्यांनी अठरामधले सात घेतले आणि जुन्याच मोटरचं वाइंडिंग करून आणलं.

त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईच्या मुलीच्या कॉलेजची फी दुसऱ्या दिवशी भरायची होती. तिनंही पेजवर हप्ते टाकले, पावणेतीन ऐकलं, मान हलवली आणि कंपनीच्या माणसाला फोन लावला.