दूधगंगेचा पूल : व्यापाराची वाट की सरहद्दीचे फाटक?

इंदापूर तालुक्याच्या दक्षिणेला नीरा नदी आहे. ती ओलांडली की पुणे जिल्हा संपून सोलापूर जिल्हा लागतो. अंथुर्ण्याच्या शेतकऱ्याची गाडी नीरेवरून माळशिरसकडे गेली तर तिला कोणी हटकत नाही. तीच गाडी डाळिंब घेऊन बेळगाव-हुबळीच्या बाजाराला निघाली, की कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल लागतो. पलीकडे कर्नाटकातील कोगनोळी. दोन राज्यांत वाद पेटला की पहिला अडथळा येथेच उभा राहतो.

या वादाचे मूळ 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर हा मराठी भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. 1967 च्या महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी, अशी शिफारस केली. मात्र बेळगाव कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

व्यापाराने मात्र ही रेषा कधी मानली नाही. निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. तेथील विडी कारखान्यांवर हजारो स्त्रियांची चूल पेटली. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी याच महामार्गावर रास्ता रोको केला, तेव्हा पोलिस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. निपाणीचे गिऱ्हाईक कोल्हापुरात आणि कोल्हापूरच्या कारखानदारांचे गिऱ्हाईक दक्षिणेत, असा हा व्यवहार आहे.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि विक्रीकराच्या नाक्यांवरील रांगा संपल्या. 1 एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. कराची अडवणूक कमी झाली, पण राजकारणाची राहिली. 2021 साली करोनाच्या काळात कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांना आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला व कोगनोळीला तपासणी सुरू झाली. 6 डिसेंबर 2022 रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडी येथे महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. 19 डिसेंबरला बेळगावच्या मेळाव्यास निघालेल्या महाराष्ट्रातील नेत्यांना कोगनोळीला अडविण्यात आले. फेब्रुवारी 2025 मध्ये बसचालक-वाहकांना मारहाण झाल्यावर दोन्ही राज्यांतील बससेवा पुन्हा बंद पडली.

काचा फुटतात त्या ट्रकमालकाच्या. दिवस बुडतो हमालाचा. भाजी-फळे सडतात ती शेतकऱ्याची. या तिघांपैकी एकानेही सीमा आखलेली नाही.

म्हणून माल पाठविणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केवळ तृतीय पक्ष विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात दंगलीचे नुकसान साधारणपणे धरलेले असते. गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. मालाचा वेगळा वाहतूक विमा घेताना संप व दंगलीचे कलम आहे ना, हे विचारून घ्यावे. ई-वे बिलाची मुदत किलोमीटरवर ठरते. गाडी अडकली तर ती वेळेत वाढवून घ्यावी.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या बैठकीत दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री एकत्र बसतील असे ठरले होते. अशा बैठकीत व्यापारी व वाहतूकदारांनाही जागा हवी. निकाल न्यायालयाने द्यावा. तोपर्यंत पुलावरून माल निर्धोक जावा, एवढी हमी दोन्ही सरकारांनी द्यावयास हवी.