जुने प्लेस्टेशन आणि चार अक्षरांचे कुलूप

घराचा माळा आवरायला काढला, की जुन्या रेडिओ-टेपरेकॉर्डरबरोबर एखाद्या घरी राखाडी रंगाचे प्लेस्टेशनही सापडते. ते घेतले तेव्हा शाळेत असलेली मुले आता नोकरीला लागलेली असतात. सहज म्हणून ते टीव्हीला जोडावे, तर दिवा लागतो, सीडी फिरते, पण खेळ काही सुरू होत नाही. 'गेले वाटते, भंगारात द्या,' असा निकाल घरात लगेच लागतो. वास्तविक अशा यंत्राचा मेंदू पुष्कळदा शाबूत असतो. थकलेला असतो तो सीडी वाचणारा लेसर. मग दुसऱ्या मार्गाने हा खेळ चालवता येणार नाही का? येतो. मात्र त्या वाटेवर एक कुलूप आहे. त्या कुलपाची गोष्ट मोठी रंजक आहे.

सोनी कंपनीचे हे पहिले प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीला आले, आणि १९९५ च्या सप्टेंबरात अमेरिका-युरोपात पोहोचले. २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, तोवर दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती. त्याआधीचे बहुतेक व्हिडिओ गेम प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये येत. सोनीने सीडी निवडली. सीडी तयार करणे स्वस्त, आणि तिच्यात मजकूर, चित्रे, संगीत असे पुष्कळ काही मावते. पण जी सीडी कंपनीला स्वस्त पडते, ती नक्कल करणाऱ्यालाही स्वस्तच पडणार. म्हणून कुलूप हवे झाले.

या खेळांच्या सीडीची खालची बाजू काळी असे. तो काळा रंग म्हणजेच कुलूप, असे अनेकांना वाटे. ते खरे नव्हे. रंग केवळ वेगळेपणासाठी होता. खरे कुलूप सीडीच्या आतल्या कडेला, मध्यभागाजवळ होते. सीडीवरची माहिती एका लांबच लांब चक्राकार वाटेवर सूक्ष्म खाचांच्या रूपाने लिहिलेली असते. सोनीच्या कारखान्यात या वाटेचा सुरुवातीचा भाग मुद्दाम किंचित नागमोडी केला जाई. लेसर त्या वळणांचा माग काढी, आणि वळणांतून चार इंग्रजी अक्षरे उमटत : जपानसाठी 'एससीईआय', अमेरिकेसाठी 'एससीईए', युरोपसाठी 'एससीईई'. यंत्राला आपल्या प्रदेशाची अक्षरे मिळाली तरच ते खेळ सुरू करी.

यातली युक्ती लक्षात घ्या. घरचा संगणक सीडीची नक्कल करताना खाचांतली माहिती उतरवून घेतो. वाटेचे वळण ही माहितीच नव्हे, ते तो उतरवणार कसे? शिवाय कोऱ्या सीडीवर वाट कारखान्यातच आखून आलेली असते. आपला रायटर निमूटपणे त्या वाटेवरून चालतो, स्वतःची वळणे काढू शकत नाही. अक्षर न् अक्षर जुळणारी नक्कल केली, तरी यंत्र तिला ओळख देत नाही.

पण माणसे स्वस्थ बसली नाहीत. पहिली युक्ती हातचलाखीची. यंत्राचे झाकण उघडे असले तरी ते बंद आहे असे भासवायचे, अस्सल सीडीची तपासणी होऊ द्यायची आणि मग चपळाईने सीडी बदलायची. दुसरी युक्ती कारागिराची. आठ पायांची एक छोटी चिप आत सोल्डर करायची, आणि तिने ती चार अक्षरे यंत्राच्या कानात सतत सांगत राहायची. यंत्राला वाटे, अक्षरे सीडीवरूनच आली. यालाच 'मॉडचिप' म्हणतात. मग खेळ लिहिणाऱ्यांनी उलटी तपासणी सुरू केली : जिथे अक्षरे नसायला हवीत, तिथेही ती ऐकू येतात का? त्यावर चिपवाल्यांनी काम झाल्यावर गप्प बसणारी चिप काढली. २००० साली आलेल्या 'स्पायरो : इयर ऑफ द ड्रॅगन' या खेळात तर फेरफार केलेली प्रत चालू होई, पण गोळा केलेली रत्ने पुढे हळूच नाहीशी होत.

चोर-पोलिसांच्या या खेळात एक गोष्ट मात्र मागे पडली. कुलूप फक्त वाटेची वळणे ओळखते, माणूस ओळखत नाही. जपानमध्ये रीतसर पैसे मोजून घेतलेला खेळ युरोपच्या यंत्रावर लावला, तरी ते नकारच देई. यात चोरी कोणती?

हाच प्रश्न ऑस्ट्रेलियात कोर्टापर्यंत गेला. सिडनीत मॉडचिप विकणाऱ्या स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थांवर सोनीने दावा लावला. खटला वरच्या कोर्टात पोहोचला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने स्टीव्हन्स यांच्या बाजूने निकाल दिला. सोनीचे कुलूप नक्कल करण्यापासून अडवत नाही, ते केवळ झालेली नक्कल चालू देत नाही. तेव्हा ते त्या वेळच्या कायद्यातल्या व्याख्येत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी तिथला कायदा अधिक कडक झाला, ही गोष्ट वेगळी.

आपला कायदा काय सांगतो? २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यातला 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार, संगणक प्रणालीची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याला ती हरवण्या-खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून प्रत काढता येते. स्वतःच्या सीडीची प्रत जपणे आणि बाजारात नकला विकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता व्यवहाराकडे वळू. सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये लेसरचा भाग वीजपुरवठ्याच्या गरम भागाजवळ होता आणि तो प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकत असे. प्लास्टिक झिजले की लेसरचा नेम चुके. म्हणून लोक यंत्र चक्क उलटे ठेवून खेळत. आज लेसर बदलता येतो, किंवा सीडीचा भाग काढून त्या जागी मेमरी कार्ड वाचणारे बोर्ड बसवता येते. चिप न बसवताही काम होते. २०२१ मध्ये हौशी तंत्रज्ञांनी प्लेस्टेशनच्या मेमरी कार्ड वाचणाऱ्या भागातली एक चूक हेरली. खास तयार केलेले कार्ड लावले की यंत्र त्यातला छोटा प्रोग्राम चालवते, आणि तो सोनीनेच आत ठेवलेल्या गुप्त आज्ञांनी सीडीचे कुलूप उघडतो. गंमत अशी, की या आज्ञांत कंपनीचेच नाव तुकड्या-तुकड्यांनी उच्चारावे लागते!

ज्यांना यंत्र उघडायचे नाही, त्यांनी निदान आपल्या सीडींची प्रत संगणकावर घ्यावी. नुसत्या फाइली उचलू नयेत, संपूर्ण सीडीची प्रतिमा घ्यावी. नाहीतर संगीताचे ट्रॅक मागेच राहतात. आणखी एक सावधगिरीची सूचना. यंत्र जपान-अमेरिकेतून आले असेल, तर ते शंभर-एकशेवीस व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट लावले तर क्षणात जळेल. आधी मागची पट्टी वाचावी, व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आणावा. वीजपुरवठ्याच्या भागाला तर जाणकाराशिवाय हात लावूच नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळतच नाहीत, असे आढळले. पुस्तक छापून संपले तर ग्रंथालयात मिळते. खेळाचे तसे नाही. सीडी खराब झाली, लेसर थकला आणि नवी प्रत कोणी काढली नाही, तर तो खेळ गेलाच. ज्या कलाकारांनी त्यासाठी चित्रे काढली, संगीत रचले, कथा लिहिली, त्यांची मेहनतही त्याच्याबरोबर जाते. जे कुलूप चोरापासून खेळ वाचवायला बसवले, त्यानेच खेळाचा शेवट होऊ नये. तेव्हा माळ्यावरचे ते राखाडी खोके भंगारात देण्याआधी एकदा तरी जाणकाराला दाखवा, आणि त्याच्या सीडी उन्हापासून, ओलीपासून दूर ठेवा.