आबांचा हात का कापतो?

आबा ओट्यावर बसले आहेत. हाताला काही काम नाही. हात मांडीवर आहे, तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत आहेत. वैद्य गोळी वळतो ना, अगदी तसे. काही उचलायला हात पुढे केला की कापरे कमी होते. हात मांडीवर ठेवला की पुन्हा सुरू!

लोक काय म्हणतात? कोणी म्हणतं, म्हातारपण आलं. कोणी म्हणतं, बाहेरचं काही लागलं. कोणी हळूच म्हणतं, घेत असतील. पण हा रोग आहे. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. जेम्स पार्किन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली लंडनमध्ये याचे वर्णन लिहून छापले. म्हणून डॉक्टर लोक याला पार्किन्सन म्हणतात.

हा रोग होतो कसा? आपल्या मेंदूत खोलवर एक लहानसा भाग आहे. तिथे डोपामिन नावाचे द्रव्य तयार होते. गाडीच्या आसाला जसे वंगण, तसे शरीराच्या हालचालीला हे द्रव्य. वंगण संपले की चाके शाबूत, बैल शाबूत, तरी गाडी जड चालते. पार्किन्सनमध्ये हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. त्या का मरतात, याचे एकच एक कारण नाही. पिकांवर मारायच्या काही विषारी औषधांशी वर्षानुवर्षे संबंध आला, तर हा रोग होण्याचा धोका वाढतो, असे संशोधन सांगते. तेव्हा फवारणी करताना तोंड बांधा, हातमोजे घाला. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आबांचे ताट वेगळे करू नका.

आता मुख्य गोष्ट. कापरे सर्वांना दिसते, पण घरात भांडणे होतात ती कापऱ्यामुळे नव्हे. काही जणांना तर कापरे सुटतच नाही. खरा त्रास आहे अंग ताठण्याचा आणि मंदपणाचा. सदऱ्याची गुंडी लावायला दहा मिनिटे लागतात. सूनबाई म्हणते, “मामंजी मुद्दाम वेळ काढतात.” चेहऱ्याचे स्नायूही ताठतात. माणूस हसत नाही, पापणी कमी लवते. मुलगा म्हणतो, “आबा कायम रागावलेले.” आवाज बारीक होतो, म्हणून सगळे ओरडतात, “नीट बोला की!” आबा मुद्दाम वेळ काढत नाहीत आणि रागावलेलेही नाहीत. मनात सगळे आहे, ते अंगातून बाहेर येत नाही. आणखी एक गंमत बघा. हाच माणूस सकाळी खिळल्यासारखा असतो आणि गोळी लागू पडली की अकरा वाजता देवळात चालत जातो. मग शेजारी म्हणतात, सोंग आहे. सोंग नाही, तो औषधाचा गुण.

हा रोग मुळातून बरा करणारे औषध अजून नाही. पण त्रास कमी करणारी औषधे आहेत. त्यांत मुख्य लेव्होडोपा. हे औषध १९६० च्या दशकात वापरात आले. पोटात गेल्यावर मेंदूत त्याचे डोपामिन होते. त्याचा गुण काही तास टिकतो आणि उतरतो. म्हणून घड्याळ सांभाळावे लागते. आठची गोळी आठलाच. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी, कारण डाळ, दूध, अंडी, मटण पोटात असले की औषध नीट भिनत नाही. पैसे नाहीत, बरे वाटले, पाहुणे आले, कारण काहीही असो, गोळी एकदम बंद करू नका. तसे केल्यास जिवावर बेतू शकते. नसलेली माणसे दिसू लागली, अंग आपोआप वळवळू लागले किंवा शहाणासुरता माणूस अचानक जुगाराच्या नादी लागला, तर तोही औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांगावे, लाजू नये.

खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. पण म्हणून त्या आपल्या मनाने कुटून देऊ नका. गोळ्यांवर गोळ्या दिल्यासारखे होईल.

सगळेच कापरे पार्किन्सनचे नसते, हेही ध्यानात ठेवा. चक्कर, उलटी आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही अशी लक्षणे येतात. डॉक्टरकडे जाताना घरातल्या साऱ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

घरात काय करावे? आबा उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटतात. अशा वेळी हात धरून ओढू नका, तोंडावर पडतील. थांबू द्या. मग “एक, दोन, एक, दोन” म्हणा किंवा टाळी वाजवा. टाळाच्या ठेक्यावर पाऊल उचलते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. जमिनीवर खडूने आडवे पट्टे ओढले, तर ते ओलांडताना पाय सुटतो. वळताना जागेवर गिरकी नको, बैलगाडीसारखे मोठे वळण घ्यावे.

पाणी वरून पिण्याची आपली सवय या रोगात घातक आहे. मान मागे गेली की पाणी श्वासनलिकेत जाते. ताठ बसून, हनुवटी जरा खाली ठेवून, घोट घोट प्यावे. कप अर्धाच भरावा. भाकरी कुस्करून द्यावी. गुंडी, नाडी यांऐवजी इलॅस्टिक बरे. पण जे काम आबांना जमते, ते त्यांनाच करू द्या, वेळ लागला तरी.

आणि सूनबाईचे काय? रात्री चारदा उठायचे, सकाळी शेतावर जायचे. गोळीचे घड्याळ मुलाने सांभाळावे, अंघोळ नातवाने घालावी. सगळे एकीवर टाकले तर एका घरात दोन आजारी होतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे असे रुग्ण आणि त्यांची माणसे एकत्र जमतात, एकमेकांना अनुभव सांगतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचे नाव आहे. त्याचा दाखला सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन मिळतो. डॉक्टरांचे सगळे कागद जपून ठेवा.

या रोगात अक्षर बारीक बारीक होत जाते. आमचे आयुष्य मुलांची अक्षरे तपासण्यात गेले, म्हणून आम्हाला हे लक्षण फार बोलके वाटते. बँकेत सही जुळत नाही आणि पैसे अडतात. बँकेत जाऊन आजार सांगावा आणि आजची बारीक सही नव्याने नोंदवून घ्यावी. अगदीच जमेना तर अंगठा. पण सही शिकलेल्या माणसाला पुन्हा अंगठा लावणे किती जड जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी सहीच नोंदवून पाहा.