पढतमूर्खाचा नंबर दहावा का?

आवाजात खरखर येत असेल तर सांभाळून घ्या. घनसावंगीत आमच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड करतोय आणि खालून कुणाची तरी वरात चाललीय, डीजेसकट. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते स्वतःच्याच लग्नात ‘सावधान’ ऐकून पळाले असं सांगतात, त्यामुळे पार्श्वसंगीत तसं बरोबरच आहे.

आपल्या तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ सालचा जन्म, मूळ नाव नारायण, आडनाव ठोसर. जांबला आपण सगळेच गेलोय, सेल्फीही काढलाय. दासबोध उघडलाय किती जणांनी? मीही पंचविशी उलटेपर्यंत उघडला नव्हता.

दासबोधात २० दशक आणि प्रत्येक दशकात १० समास. म्हणजे वीस सीझन, दर सीझनला दहा एपिसोड, एकूण दोनशे. सगळी मांडणी श्रोत्यांशी बोलल्यासारखी आहे. श्रोते शंका विचारतात, वक्ता उत्तर देतो. दुसऱ्या दशकाचा पहिला समास ‘मूर्खलक्षण’. अध्यात्माच्या ग्रंथात सुरुवातीलाच मूर्खांची यादी, आणि यादी कसली, आपल्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसून केल्यासारखी. दोघं बोलत असतात तिथं तिसरा जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवतो, तो मूर्ख. स्वतःची परिस्थिती हलाखीची, पण वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरतो, तो मूर्ख. आपलीच स्तुती करणारा, कारण नसताना हसणारा, असे एकामागून एक येतात.

पोथीपुस्तकांवरून केलेले चिमटे तर मला फारच आवडतात. वाचताना अक्षरं गाळतो किंवा पदरची घालतो, तो मूर्ख. (बातमीचं नुसतं शीर्षक वाचून फॉरवर्ड करणारा आमचा फॅमिली ग्रुप इथं आठवला.) स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्यालाही वाचू देत नाही, पुस्तक नुसतं बांधून ठेवतो, तोही मूर्ख. माझ्या फोनमध्ये मराठी पुस्तकांच्या साठएक पीडीएफ आहेत. पुढे बोलत नाही.

एवढी यादी झाल्यावर समर्थ म्हणतात, लक्षणं तर अपार आहेत, जमतील तेवढी सांगितली, आणि श्रोत्यांची क्षमा मागतात. सांगण्याचा हेतू एवढाच, की ऐकणाऱ्यानं ही लक्षणं टाकून द्यावीत.

आता गंमत बघा. ही यादी कुणालाही वाचून दाखवा, प्रत्येक लक्षणाला तो एक नाव देतो आणि ते स्वतःचं कधीच नसतं. मी हे ऑफिसात करून पाहिलंय, घरी करून पाहिलंय. अकराव्या दशकातला राजकारणाचा समास वाचला की तेच होतं. तिथला सल्ला असा, की राजकारण पुष्कळ करावं पण कुणाला कळू देऊ नये, आणि मनात दुसऱ्याला पीडा देण्याचा विचार नसावा. हे ऐकल्याबरोबर डोळ्यांपुढे चौकातले फ्लेक्स येतात. वाढदिवस एकाचा, फोटो चाळीस जणांचे! सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग मात्र आपण ऐकतच नाही.

म्हणून मला त्या दशकाची रचना जबरदस्त वाटते. मूर्खांचे दोन प्रकार, साधा मूर्ख आणि पढतमूर्ख, म्हणजे शिकूनसवरून मूर्ख, हे पहिल्या समासातच सांगून टाकलंय. पण पढतमूर्खाचा समास थेट दहावा! मधल्या आठ समासांत उत्तम लक्षणं, कुविद्या, भक्ती, तीन गुण, सद्विद्या, विरक्ती. तेवढं वाचून होईपर्यंत वाचणारा स्वतःच शिकलेला झालेला असतो. आणि मग त्याला पकडतात.

मला ज्या लक्षणानं पकडलं ते सांगतो. पूर्ण ग्रंथ न पाहता उगाच नावं ठेवतो, आणि कुणी गुण सांगितले तरी अवगुणच बघतो, तो पढतमूर्ख.

झालं असं होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी पदरचे पैसे घालून कवितांचं छोटं पुस्तक छापलं, ४८ पानांचं. मला घरी आणून दिलं. मी दोन पानं चाळली आणि गावाच्या ग्रुपवर एक खुसखुशीत परीक्षण टाकलं. बीटेक झालेल्या माणसाला विनोद येतो हेही दाखवायचं होतं. हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. रात्री गुरुजी ग्रुपमधून बाहेर पडले. दुसऱ्या पुस्तकाची वही त्यांनी माळ्यावर टाकली, हे मला काकूंकडून फार उशिरा कळलं.

मागच्या आठवड्यात ती ४८ पानं सलग वाचली. सगळ्या कविता चांगल्या आहेत असं नाही. दोन मात्र अशा आहेत की परत वाचाव्या लागल्या. विहिरीवरची एक, आणि दुसरी बदली झालेल्या मास्तरची.

काल त्यांच्याकडे गेलो. माफीची वाक्यं जुळवून नेली होती, ती निम्म्यातच अडकली. गुरुजींनी पुस्तक हातातून घेतलं, चष्मा लावला, एक पान उघडलं आणि पेन्सिल पुढे केली.

“चौतीस नंबरला छपाईची चूक राहिलीय. आधी ती दुरुस्त कर, मग बोल.”

वरात पुढे गेलेली दिसतेय. थांबतो.